भीमपूरच्या वहीची पानं

आदिलाबादला चालले आहे म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "तिकडे काय आहे गं पाहण्यासारखं?" मी म्हटलं, "एक वही आहे." त्यांना वाटलं मी त्यांची थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी विरजण मागायला आल्या त्या तोंड फुगवूनच.

थट्टा नव्हती हो. मी खरंच एक वही पाहायला निघाले होते. आमचं नागपूरचं मेडिकल कॉलेज आणि स्कॉटलंडातलं एक विद्यापीठ मिळून आदिलाबाद जिल्ह्याच्या मराठी पट्ट्यात एक अभ्यास करत होतं. गरोदर बाईला खायला काय मिळतं आणि तिच्या बाळाचं वजन किती भरतं, एवढाच प्रश्न. गावोगाव एकेक बाई नेमली होती. तिने गरोदर बायकांची नावं वहीत घालायची, आणि बाळ झालं की सात दिवसांच्या आत स्प्रिंगच्या काट्याला झोळी लावून त्याचं वजन घ्यायचं. वहीचा नमुना तिकडून आला होता. तो मराठीत आणून या बायकांना शिकवण्याचं काम माझं होतं, आणि ते मी फार झकास केलं आहे अशी माझी समजूत होती.

मग तिकडून पत्र आलं. भीमपूरच्या वहीत पुष्कळ बायकांची नावं आहेत, पण पुढे बाळ नाही, वजन नाही, बाई गेली कुठे याची खूणही नाही. शिवाय वहीच्या मागची चौदा पानं फाडलेली आहेत. वच्छलाबाई नावाच्या आमच्या तिथल्या कार्यकर्तीने घरबसल्या खोटी नावं लिहिली असावीत असा संशय होता. तो खरा ठरला तर तिला काढायचं आणि सबंध भीमपूर अभ्यासातून वगळायचं. शहानिशा करायला तिकडच्या विद्यापीठातली हेलन येणार होती, आणि दुभाषी म्हणून तिच्यासोबत मी.

भीमपूर

हेलन साठीला आलेली, उंच, पाठीने ताठ. मान डोलावण्याआधी तीन प्रश्न विचारणार आणि उत्तर छोट्या वहीत टिपणार. तिला घाई म्हणून नाहीच. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहणारी, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला तिचा थोडा राग आला.

थंडीचे दिवस होते. आदिलाबादहून निघालो की दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीवर बायका वाकलेल्या, त्यांच्या ओट्या कापसाने टम्म फुगलेल्या. पुढे पैनगंगा आणि नदीपलीकडे आपला महाराष्ट्र. अलीकडे दुकानांच्या पाट्या तेलुगूत आणि पाटीखालचं भांडण अस्सल मराठीत. आमचा जीपवाला राजन्ना मात्र सगळ्यांशी हैदराबादी हिंदीत बोलायचा आणि ते सगळ्यांना कळायचं.

वच्छलाबाईंचं घर भाजीवाल्यांचं. दारात टमाट्याच्या टोपल्या भरून ठेवलेल्या, बाईंचे यजमान बाजाराला निघालेले. बाई चाळिशीच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, आवाज बारीक. हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "या म्याडम. आधी जेवसान, मंग जवाब घेसान."

जेवण काय सांगू! ज्वारीची गरम भाकर, अंबाडीची भाजी, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी. आम्ही साताऱ्याकडचे, आमची चटणी शेंगदाण्याशिवाय सुरू होत नाही. जवसाची ही खमंग चटणी मी तीनदा मागून घेतली. हेलनने ताटातला हिरवा ठेचा भाजी समजून घासभर तोंडात घातला. तिचा चेहरा बघता बघता लालबुंद झाला.

"अवो माय! ते चाटाची असते, खाची नाई!" म्हणत वच्छलाबाई गूळ घेऊन धावल्या. हेलनने गूळ चघळला, डोळे पुसले आणि वहीत काहीतरी टिपलं. काय टिपलं देव जाणे.

जेवण झाल्यावर मी वही उघडली. "ही पानं कोणी फाडली?"

"म्याच फाडली."

"का?"

"कामासाठी."

"कसलं काम?"

"सांगून पटनार नाई तुमाले. दाखोतो. उद्या नार्नूरले चला, परवा मुधोळले."

मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "आणि ही नावं? ही सुनंदा, ही कांता? पुढे सगळं कोरं. 'गाव सोडलं' असा रकाना होता ना? निदान तिथे खूण करायची."

"सोडलंच नाई त खून कशी करू? पोरी बाळंतपनाले माहेरी गेल्या." बाईंनी पदर सारखा केला. "गाव सोडलं लिवलं का मानसाले वाटते, सून नांदून नाई राह्यली. तिच्या सासऱ्यानं वही पाह्यली त माह्या दारात येईन भांडाले. चांगल्या घरच्या सुनीचं असं कसं लिवू?"

"मग माहेरी जाऊन वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं!"

वच्छलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा नवलाने. "तुमीच त नाई म्हनलं, म्याडम. आदिलाबादच्या टरेनिंगमधी. गावाची शीव ओलांडली का ते वजन आपलं नाई, शिवेबाहेरचं एक अक्षर वहीत लिवाचं नाई. असं बोट वर करून सांगितलं व्हतं तुमी."

सांगितलं होतं. शब्द न् शब्द माझा, आणि बोटसुद्धा माझंच. वाक्य ठसक्यात झालं म्हणून मी ते दोनदा म्हटलं होतं.

"काय म्हणते ती?" हेलनने विचारलं.

दुभाष्याच्या हातात केवढी सत्ता असते ते मला त्या ओसरीवर कळलं. मी म्हटलं, "ती म्हणते, नियमांबद्दल थोडा घोटाळा झाला." हेलनने टिपून घेतलं. वच्छलाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण इतकं लांबलचक बोलणं एका ओळीत संपलं हे त्यांच्या लक्षात आलंच असणार. त्या उठून ताटं गोळा करू लागल्या.

नार्नूर

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई काटा आणि झोळी पिशवीत घालून जीपमध्ये बसल्या. मी म्हटलं, आज वजन घ्यायचं नाही. त्या म्हणाल्या, "असू द्या, सवय हाये."

रस्ता उटनूरकडे चढत जातो. कापूस मागे पडला आणि सागाचं रान लागलं. ऐन रानात चाक बसलं. राजन्ना म्हणाला, "मेडम, टेन्शन नक्को, दस मिनट," आणि तासभर खाली वाकून राहिला. आम्ही तिघी एका दगडावर बसलो. वच्छलाबाईंनी पिशवीतून उकडलेली बोरं काढली. एकीकडे बी थुंकत हेलनने मला सहज विचारलं, "तुझी मुलगी कुठे जन्मली?"

"साताऱ्याला. आईकडे."

"पण तू तर तेव्हा नागपुरातच राहत होतीस ना?"

"हो, पण पहिलं बाळंतपण..." मी थांबले. हेलनने दुसरं बोर घेतलं. स्वतः सातव्या महिन्यात गाठोडं बांधून आईकडे पळालेली मी, आणि वही मराठीत आणताना मला माहेर आठवलं नाही! स्कॉटलंडच्या लोकांना माहीत नव्हतं, त्यांचं ठीक. मला काय झालं होतं? कागद इंग्रजी होता म्हणून माझं डोकंही इंग्रजी झालं होतं की काय, कोण जाणे. लाज वाटली. सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात राजन्नाने हाक मारली, चाक झालं म्हणून. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

नार्नूरला सुनंदाचं माहेर गावाच्या कडेला, अंगणात ज्वारीची कणसं वाळत घातलेली. वहीतलं हे 'खोटं' नाव बाजेवर बसून बाळाला तेल लावत होतं. वच्छलाबाईंना पाहून पोरगी एवढी हसली की हेलनला दुभाष्याची गरजच पडली नाही.

"पाचवीचा कागद आना बरं," वच्छलाबाई म्हणाल्या.

सुनंदाच्या आईने आतून पत्र्याचा डबा आणला. ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते: बाळाच्या पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करतात. पुढ्यात कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. आमच्याकडेही ठेवतात. डब्यातून निघालेला कागद हळदीने पिवळा, दिव्याच्या तेलाने डागाळलेला. पण त्यावर हिरव्या रेघा होत्या. तसल्या हिरव्या रेघा आमच्या वहीच्याच. आणि मधोमध गोल, बाळबोध अक्षरात लिहिलं होतं: सुनंदा, भीमपूर. मुलगा. दोन किलो सहाशे. पाचवा दिवस.

"आता तुमीच सांगा," सुनंदाची आई माझ्याकडे वळून तक्रार करू लागली, "सटवाईचा कागद कोरा ठेवा लागते का नाई? हे बाई वहीचं पान फाडून आनते अन् त्याच्यावर आकडा लिवते! म्या म्हनलं, सटवाई रागावन."

"रागावाचं काय त्याच्यात?" वच्छलाबाई म्हणाल्या. "किती भरलं ते तिले बी समजलं पाह्यजे. मंग नशीब बेतानं लिवते."

सुनंदा खुदकन हसली. तिची आई "चाल वं!" म्हणून आत चहा ठेवायला गेली.

मी विचारलं, "पण यावरच का लिहिलंत?"

"वहीत लिवता येत नवतं. दुसऱ्या कागदावर लिवलं त तो हरपते, लेकरं नाव करून सोडून देतात पान्यात. सटवाईचा कागद कोनी फेकत नाई. पाचवीचं बलावनं मले येतेच. गेली का वजन घेतो, कागद पुजेत ठेवतो. चौदा घरं झाली." मग आवाज आणखी बारीक करून म्हणाल्या, "वही फाडली ते चुकलंच. पन साध्या घरात कागद कोठी राह्यते?"

आरटीसीच्या बसने, नाहीतर बैलगाडीने, ही बाई काटा पिशवीत घेऊन चौदा माहेरं फिरली होती. आम्ही तिकडे बसून ती घरबसल्या नावं रचते म्हणत होतो!

हे सगळं मी हेलनला सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं ते, पूजा, कागद, बस, सगळं. फक्त 'वहीत लिहिता येत नव्हतं' याचं कारण गाळलं. हेलनने तो कागद दोन बोटांत धरला, वही मागितली, मागची फाटलेली कड उलगडली आणि एकेका अर्धवट पानाला लावून पाहिली. पाचव्या पानाशी कागद नेमका बसला. फाटलेला कोपराही जुळला. तिने कागद घडीवर घडी घालून परत दिला आणि मला म्हणाली, "नावं खोटी नाहीत. पण मग तिने हे नियमाप्रमाणे का लिहिलं नाही, हे मला अजून कळत नाही. ही बाई हुशार आहे. हुशार बाई असा हट्ट का करेल?"

मी म्हटलं, "उद्या विचारू." वच्छलाबाई माझ्याच तोंडाकडे पाहत होत्या.

निघताना सुनंदाच्या आईने आमच्या ओट्या भरायला घेतल्या. हेलनचं लग्न झालेलं नाही हे कळल्यावर तांदळाची मूठ हवेतच थांबली. तिने वच्छलाबाईंकडे पाहिलं. वच्छलाबाई म्हणाल्या, "भर वं. इतक्या लंब्यून लेकरायसाठी आली, तिची वटी कोरी कशी धाडाची?" हेलनने पदर नाही म्हणून टोपी पुढे केली. तांदूळ, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सगळं टोपीत. ती टोपी तिने परत जाईपर्यंत डोक्यावर घातली नाही.

मुधोळ

मुधोळ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. इथली मराठी जरा नांदेडच्या वळणाची, बाजारात तिच्यात तेलुगू मिसळलेलं. कांताच्या वडिलांचं किराणा दुकान पुढे, घर मागे. चहासोबत त्यांनी दुकानातली बिस्किटं मांडली, पण वच्छलाबाईंनी हात लावला नाही. जीपमध्येही त्या आज गप्प होत्या, आणि काट्याची पिशवी त्यांनी आत आणली नव्हती.

कांता विशीतली. बाळ कुठे दिसेना. हेलनने हसून हाताने झोका दाखवला, कुठे आहे म्हणून. मी विचारण्याआधीच वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "नाई राह्यलं, म्याडम. नवव्या दिवशी गेलं."

कांता उठली, पेटी उघडली, घडीच्या लुगड्याखालून तोच हिरव्या रेघांचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. कांता, भीमपूर. मुलगा. पावणेदोन किलो. पाचवा दिवस.

"बारसं झालं नव्हतं," ती म्हणाली. "नाव बी नाही. त्याचं म्हणून माझ्याजवळ एवढंच आहे."

मला रडू आलं. डॉक्टर असून आलं, त्याला काय करणार.

हेलनने कागद बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "आमच्या तक्त्यात हे मूल कुठे आहे?"

"नाही. रकाना कोरा आहे."

"म्हणजे ते जन्मलंच नाही, आणि गेलंही नाही." ती संथपणे बोलत होती. "पहिली बाळं माहेरी होतात म्हणालीस. पहिली बाळं बहुधा हलकी असतात. म्हणजे नेमकी हलकी बाळं आमच्या वहीतून गळली, आणि उरलेल्यांकडे पाहून आम्ही म्हणतो आहोत की सगळं ठीक आहे." मग तिने वच्छलाबाईंकडे बोट केलं. "तिला विचार. तिने हे वहीत का लिहिलं नाही?"

आता गाळायला जागा नव्हती. उत्तर सरळ होतं, आणि ते दिलं नाही तर हे पोर दुसऱ्यांदा माझ्याच हातून पुसलं जाणार होतं.

"तिला विचारायला नको," मी म्हटलं. "मी तिला मनाई केली होती. गावाबाहेरचं लिहायचं नाही, हे माझं वाक्य. तिने पहिल्याच दिवशी ते सांगितलं होतं. मी तुला ते सांगितलं नाही."

हेलनने पेन खाली ठेवलं. "का नाही सांगितलंस?"

"भ्याले."

ती पेन उचलून म्हणाली, "हे तुझ्या नावाने लिहावं लागेल." मी हो म्हटलं. तिने लिहिलं, वही माझ्याकडे वळवली आणि मी खाली सही केली.

"काय म्हनल्या?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"चूक माझी होती असं मी सांगितलं त्यांना. तुमच्यावरचा आळ गेला, वच्छलाबाई."

त्यांनी आता बिस्कीट उचललं आणि चहात बुडवलं. "चूक कोनाची ते मले आधीच ठावं व्हतं, म्याडम. तुमी सांगता का नाई, तेवढं पाहून राह्यली व्हती." खोटं बोलत नाही, कॉलेजातल्या कुठल्याही चौकशीपुढे मी एवढी खाली मान घालून उभी राहिले नसते. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. कांताच्या पाठीवरून हात फिरवत त्या तिला विचारत होत्या, जेवण जाते का, झोप लागते का.

निघताना हेलनने ओसरीवरच त्या कागदाची नक्कल उतरवून घेतली. कांता दारापर्यंत आली. तिने कागद परत मागितला आणि छातीशी धरून उभी राहिली.

पुन्हा भीमपूर

माझी खरडपट्टी निघाली, ती निघायलाच हवी होती. त्याचं वर्णन करण्यात मजा नाही. कॉलेजने पुढच्या उन्हाळ्यात नव्या वह्या छापल्या आणि त्या वाटायला मलाच धाडलं. भीमपूरला पोचले तेव्हा वच्छलाबाई कांद्याच्या पाती निवडत बसल्या होत्या. हात झटकून त्यांनी वही घेतली आणि दारच्या उजेडाला धरली.

'गाव सोडलं' रकाना गेला होता. त्या जागी 'माहेर' होता. तिकडच्या इंग्रजी तक्त्यातही हेलनने तोच शब्द ठेवला होता, इंग्रजी अक्षरांत. त्याला तिकडे दुसरा शब्द नाही, असं तिने पत्रात लिहिलं होतं.

वच्छलाबाईंनी वही उलटून मागून उघडली. शेवटची पंचवीस पानं कोरी, आणि प्रत्येकाच्या कडेला टोचे मारलेले, ओढलं की सुबक निघावं असे. आतल्या पुठ्ठ्यावर हेलनच्या सांगण्यावरून माझ्याच मराठीत एक ओळ छापली होती: 'ही पानं पाचवीसाठी आहेत.'

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मोठ्याने हसल्या, मग पदराने डोळे टिपले. "वा वं हेलनबाई!" म्हणाल्या. "आता फाडलं त कोनी जवाब नाई मांगनार."

"कोणाचं नाव पहिलं घालायचं?" मी पेन काढत विचारलं. गावात तीन गरोदर बायका आहेत हे मला माहीत होतं.

"आधी मुधोळचं लिवा," वच्छलाबाई म्हणाल्या.

मी पहिल्या ओळीवर लिहिलं: कांता, भीमपूर. माहेर, मुधोळ. मुलगा. पावणेदोन किलो. बाळाच्या नावाच्या रकान्याशी माझं पेन थांबलं.

"नाव ठेवलं नवतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "मोकळंच ठेवा. पन रेघ मारू नका त्याच्यावर."

मी रेघ मारली नाही.